शास्त्रज्ञ आणि अधिकारी एका टेबलाशी: सायन्स डिप्लोमसीचं साडेतीन दिवसांचं शिबिर कसं घ्यावं

अंटार्क्टिकाच्या कारभारात मत हवं असेल तर नुसता पैसा किंवा आरमार कामाला येत नाही. 1959 च्या अंटार्क्टिक करारात नंतर सामील झालेल्या देशाला तिथे भरीव संशोधन करून दाखवावं लागतं, तेव्हाच निर्णयाच्या बैठकीत जागा मिळते. डिसेंबर 1981 मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली. 1983 मध्ये भारत करारात सामील झाला आणि त्याच वर्षी सल्लागार सदस्यही, म्हणजे निर्णयात मत असलेला सदस्य, झाला. बर्फावर शास्त्रज्ञ गेले, कागद दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी हलवले. काम एकच होतं. तरी आजही शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत घडवलं जातं, अधिकाऱ्याला मसुरीत किंवा यशदात, आणि दोघांची पहिली गाठ पडते ती थेट परदेशातल्या वाटाघाटीत, विमानाचा थकवा अंगात असताना.

ही गाठ आधी घालून देणारं शिबिर कसं उभं करायचं ते इथे दिलं आहे. आराखडा 24 जणांचा, म्हणजे 12 जोड्यांचा आहे. प्रशिक्षक तीन, कालावधी साडेतीन दिवस. विद्यापीठाला, संशोधन संस्थेला किंवा प्रशासकीय प्रशिक्षण केंद्राला ते सहज झेपतं.

सायन्स डिप्लोमसीचे तीन प्रकार 2010 मध्ये ब्रिटनची रॉयल सोसायटी आणि अमेरिकेतली विज्ञान प्रगती संघटना यांनी मांडले, आणि तेच आजही वापरात आहेत. वाटाघाटीला विज्ञानाचा आधार देणं हा पहिला. विज्ञानाची कामं व्हावीत म्हणून मुत्सद्देगिरी करणं हा दुसरा. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना स्क्वेअर किलोमीटर ॲरे या अनेक देशांच्या दुर्बीण प्रकल्पाच्या निमित्ताने आणि हिंगोलीत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारणाऱ्यांना तो रोजच्या कामातून माहीत आहे. एरवी न बोलणाऱ्या देशांना विज्ञानाच्या निमित्ताने एकत्र आणणं हा तिसरा. जॉर्डनमधल्या ‘सेसमी’ या सिंक्रोट्रॉन (कणांना वेग देऊन संशोधनासाठी तीव्र प्रकाश मिळवणाऱ्या यंत्राच्या) केंद्रात इराण आणि इस्रायल दोघेही सदस्य आहेत. पहिल्या दिवशी या तिन्हींवर वीस मिनिटं बोला आणि थांबा. बहुतेक शिबिरं इथेच दीड दिवस घालवतात आणि मग सरावाला वेळ उरत नाही.

विषय निवडताना

ज्या विषयाची फाइल सहभागींपैकी कुणाच्याही टेबलावर आहे तो सरावाला घेऊ नका. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे अधिकारी बसवून म्हादई नदीच्या पाण्याचा तंटा काढलात तर पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक जण आपापल्या राज्याची अधिकृत भूमिका वाचून दाखवेल, आणि पुढचे तीन दिवस तीच वाचत राहील. सिंधू कराराचंही तेच. माणूस दोषी नाही. केंद्राचे 1964 चे आणि महाराष्ट्राचे 1979 चे वर्तणूक नियम त्याला सरकारवर जाहीर टीका करू देत नाहीत. सरकारी संस्थेतला शास्त्रज्ञही याच नियमांखाली येतो, हे आयोजक हमखास विसरतात.

विषय खरा हवा, आकडे खरे हवेत, पण आपल्यापासून हातभर लांब हवा. यासाठी अंटार्क्टिकातल्या क्रिलची मासेमारी हा आमच्या मते सर्वांत चांगला विषय आहे. क्रिल म्हणजे बोटभर लांबीचा, कोळंबीसारखा दिसणारा जीव. पेंग्विन, सील आणि देवमासे त्याच्यावर जगतात. माणूस त्याचं मत्स्यखाद्य आणि ओमेगा-3 च्या गोळ्या बनवतो. त्याचा कारभार पाहणारा आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरतो, भारत त्याचा सदस्य आहे, आणि सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे त्याची रचनाच दोन मजली आहे: आधी विज्ञान समिती बसते आणि सल्ला देते, मग आयोग बसतो आणि ठरवतो. शिबिराचा दुसरा आणि तिसरा दिवस यातून आयता मिळतो.

माणसं आणि जोड्या

निमंत्रण व्यक्तीला न पाठवता जोडीला पाठवा. ट्रिएस्टमधल्या जागतिक विज्ञान अकादमीच्या वर्गातही एक तरुण शास्त्रज्ञ आणि त्याच्याच देशातला एक धोरणकर्ता अशा जोड्या बोलावण्याची पद्धत आली, आणि ती योग्य आहे. एकट्याने शिकून गेलेला माणूस कचेरीत परतला की त्याचं ऐकणारा कुणी नसतो.

जोडी जमवताना दोन गोष्टी पाहा. पहिली, हुद्दा. उपसचिवाबरोबर पीएचडीचा विद्यार्थी बसवला तर विद्यार्थी पाणी आणून देतो. अवर सचिव किंवा उपसचिव असेल तर समोर आठ-दहा वर्षं काम केलेला शास्त्रज्ञ हवा. संचालक आणि सचिव यांना उद्घाटनाला बोलवा, जेवू घाला, पण सरावात घेऊ नका. ते खोलीत असले की बाकीचे माना डोलवतात. दुसरी गोष्ट, विषय. दोघांचं कार्यक्षेत्र एकमेकांच्या जवळचं हवं: हवामान आणि कृषी, सागरी जीवशास्त्र आणि मत्स्यव्यवसाय, साथरोग आणि सार्वजनिक आरोग्य.

तारखा ठरवताना डिसेंबर टाळा, नागपूरचं अधिवेशन असतं. फेब्रुवारी-मार्च अर्थसंकल्पाचे. जून-जुलै पावसाळी अधिवेशनाचे. ध्रुवीय संशोधन करणारे शास्त्रज्ञ नोव्हेंबरपासून मोहिमेच्या गडबडीत. उरतो सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध, त्यातून गणपती आणि दिवाळी वगळायची. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण अशी शिबिरं फसण्याचं एक नंबरचं कारण म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी वाजलेला ‘साहेबांनी बोलावलंय’ हा फोन. एक अधिकारी गेला की एक जोडी मोडते आणि एक शिष्टमंडळ लंगडं होतं. म्हणून दोन राखीव अधिकारी आधीच सांगून ठेवा आणि निवासी शिबिर मुंबईबाहेर घ्या. मंत्रालयापासून तासाभराच्या अंतरावर ते निवासी राहत नाही.

परदेशी सहभागी बोलवायचे असतील तर कॉन्फरन्स व्हिसा, परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्या यांसाठी निदान तीन-चार महिने हाताशी ठेवा. पहिल्या शिबिराला ही उठाठेव नको.

तीन आठवडे आधी प्रत्येक जोडीला एक काम द्या: दोघांनी फोनवर अर्धा तास बोलायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाच्या एका दिवसाचं वर्णन 200 शब्दांत लिहून पाठवायचं. अधिकाऱ्याला शोधनिबंधाची समीक्षा म्हणजे काय हे पहिल्यांदा कळतं. शास्त्रज्ञाला कळतं की ‘तपासून सादर करावे’ एवढा शेरा मारून फाइल पुढे जाते, आणि त्या शेऱ्याआधी वाचायला मिळालेली असतात जेमतेम चार मिनिटं.

पहिला दिवस: शब्द

सकाळी सगळ्यांना एकेक कोरा कागद द्या आणि फळ्यावर पाच शब्दप्रयोग लिहा: ‘शक्यता नाकारता येत नाही’, ‘शक्यता आहे’, ‘बहुधा’, ‘दाट शक्यता’, ‘जवळजवळ नक्की’. प्रत्येकापुढे शंभरपैकी किती, तो आकडा न बोलता लिहायचा. मग सगळे आकडे फळ्यावर मांडा, शास्त्रज्ञांचे निळ्या आणि अधिकाऱ्यांचे लाल खडूने. ‘शक्यता नाकारता येत नाही’ याला कुणी 2 दिलेले असतात, कुणी 60. वर्तमानपत्रं हा शब्दप्रयोग पावसापासून युतीपर्यंत सगळीकडे वापरतात, त्यामुळे त्याला काही मापच उरलेलं नाही.

यानंतरच हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची, मोजपट्टी दाखवा. तिथे ‘शक्य’ म्हणजे 66 ते 100 टक्के, ‘फार शक्य’ म्हणजे 90 ते 100, ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे 99 ते 100. पट्टी आधी दाखवली तर सगळे तीच उतरवून काढतात आणि सराव वाया जातो.

पट्टी असली म्हणजे झालं, असं कुणाला वाटू नये म्हणून लगेच हिमालयाचं उदाहरण घ्या. आयपीसीसीच्या 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असं छापून आलं. विधानाचं मूळ समीक्षित शोधनिबंधात नव्हतं. जानेवारी 2010 मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली. शब्द मोजून वापरला होता, पण त्याच्याखालचा कागद कुणी उलटून पाहिला नव्हता. म्हणून इथून पुढे शिबिरातल्या प्रत्येक टिपणात विधानासमोर एक रकाना ठेवा: ‘हे कुठून आलं?’

दुपारी उलट दिशेने जा. आता सरकारी आणि मुत्सद्दी भाषेतले शब्द शास्त्रज्ञांना उलगडून दाखवायचे. ‘नोंद घेण्यात आली’ हे सर्वांत धोक्याचं. शास्त्रज्ञाला वाटतं आपलं म्हणणं पोचलं. जोडीतला अधिकारी गालात हसतो. डिसेंबर 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेने तिथल्या समझोत्याची फक्त ‘नोंद घेतली’, म्हणजे तो स्वीकारला नाही. 2015 च्या पॅरिस करारात विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीबद्दलच्या वाक्यात शेवटच्या घटकेला बंधनकारक क्रियापद जाऊन ‘करायला हवं’ अशा अर्थाचं आलं. तेवढा बदल झाला नसता तर अमेरिकेला करार घरी नेणं अवघड होतं. 2021 मध्ये ग्लासगोत कोळसा ‘बंद करणं’ याचं भारताच्या आग्रहाने ‘कमी करत नेणं’ झालं. प्रत्येक उदाहरणाला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

दिवसाच्या शेवटी पहिलं टिपण लिहून घ्या. जोडीने मिळून, 30 मिनिटांत, 300 शब्द. त्यात पाचच गोष्टी: कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि कधीपर्यंत, काहीच केलं नाही तर काय, पर्याय कोणते, काय माहीत आहे आणि काय नाही, आपला अंदाज चुकला तर किंमत कोण मोजेल. शास्त्रज्ञाचं पहिलं वाक्य बहुधा असं येतं:

‘किनाऱ्यालगतच्या क्रिलच्या अंदाजात लक्षणीय अनिश्चितता असून अधिक संशोधनाची गरज आहे.’

अधिकारी हे वाक्य ‘सध्या काही करू नका’ असं वाचतो आणि फाइल बाजूला ठेवतो. लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं उलट असतं. जोडीला ते फिरवायला लावा, जोपर्यंत ते अशा ठिकाणी येत नाही:

‘मर्यादा नसेल तर मासेमारी किनाऱ्यालगत एकवटेल, आणि पेंग्विन पिल्लांना भरवतात तेही तिथेच. नुकसान किती होईल हे आज सांगता येत नाही. झालं तर ते लक्षात यायला अनेक हंगाम लागतील.’

अनिश्चितता दुसऱ्या वाक्यातही तेवढीच आहे. फरक एवढाच की आता ती निर्णयाच्या उपयोगाला येते. हे टिपण बंद पाकिटात घालून ठेवा, शेवटच्या दिवशी लागेल.

दुसरा दिवस: विज्ञान समिती

शिष्टमंडळं आदल्या रात्री जाहीर करा. दोन जोड्यांचं एक, अशी पाच. उरलेल्या दोनपैकी एक जोडी अध्यक्षपद सांभाळते: शास्त्रज्ञ विज्ञान समितीचा अध्यक्ष, अधिकारी आयोगाचा. दुसरी जोडी निरीक्षक: एक मासेमारी कंपन्यांच्या संघाचा, एक पर्यावरण संघटनेचा.

देशांची नावं काल्पनिक ठेवा. खऱ्या देशाची पाटी समोर आली की माणसं त्या देशाची नक्कल करू लागतात आणि खोलीत हशा पिकतो. स्वभाव मात्र खरे द्या. एकाकडे सर्वांत मोठा ताफा आहे. दुसरा मासेमारी करतो, पण त्याचा माल पर्यावरणपूरक शिक्क्यावर विकला जातो, म्हणून किनारा सोडायला तयार आहे. तिसऱ्याला राखीव सागरी क्षेत्र हवं आहे. चौथ्याची बर्फावर संशोधन केंद्रं आहेत, जहाज एकही नाही, आणि पुढे कधीतरी लागेल म्हणून हक्क सोडायचा नाही. पाचव्याचा राग दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नावर आहे आणि तो इथे काढतो. प्रत्येकाला एक पानाची गुप्त सूचना द्या: काय मिळवायचं, काय देऊन टाकता येईल, कुठे अडून बसायचं, आणि तुमच्या मंत्र्यांनी गेल्या महिन्यात जाहीर सभेत काय म्हटलं आहे. शेवटचा मुद्दा टाकाच. वाटाघाटी करणाऱ्याचे हात बहुधा तिथेच बांधलेले असतात.

सगळ्यांना सामायिक असा सात-आठ पानांचा आकड्यांचा संच द्या. त्यातला गाभा एवढा. दक्षिण अटलांटिकातल्या क्षेत्र 48 मध्ये 2000 सालच्या पाहणीत सुमारे 6 कोटी 3 लाख टन क्रिल असल्याचा अंदाज आला. 2019 च्या पाहणीत 6 कोटी 26 लाख. सावधगिरीची मर्यादा 2000 च्या अंदाजावरून निघाली: 56 लाख 10 हजार टन, म्हणजे त्याच्या 9.3 टक्के. प्रत्यक्षात मात्र मासेमारी 6 लाख 20 हजार टनांवर थांबते, आणि तो आकडा जीवशास्त्रातून आलेला नाही: प्रत्येक उपक्षेत्रात पूर्वी कधीतरी झालेल्या सर्वांत मोठ्या पकडीची ती बेरीज आहे. त्यातही अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या उपक्षेत्र 48.1 ला 1 लाख 55 हजार टनांची वेगळी मर्यादा होती. 2024 मध्ये तिच्या मुदतवाढीवर एकमत झालं नाही आणि ती संपली. लगेच पुढच्या, 2025 च्या हंगामात 6 लाख 20 हजारांची एकूण मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम संपायच्या आत मासेमारी बंद करावी लागली.

आता सगळ्या शिबिरातला सर्वांत मोलाचा तास. 9.3 टक्के हा आकडा ज्या नियमातून निघतो तो फळ्यावर लिहा. वीस वर्षं मासेमारी चालल्यानंतर अंडी घालणाऱ्या क्रिलचा साठा मूळच्या 75 टक्के उरावा. आणि त्या वीस वर्षांत साठा मूळच्या 20 टक्क्यांखाली जाण्याची शक्यता 10 टक्क्यांच्या वर जाऊ नये. दोन्हींतून जी पकड कमी निघेल ती धरायची. प्रत्येक जोडीला दोन रंगांची पेनं द्या. जे मोजलेलं आहे त्याला निळी खूण, जे ठरवलेलं आहे त्याला लाल.

साठ्याचा अंदाज निळा, यावर वाद होत नाही. पण 75, 20 वर्षं, 10 टक्के? बहुतेक शास्त्रज्ञ आधी निळी खूण करतात, कारण हे आकडे विज्ञान समितीच्या कागदात असतात. मग जोडीतला अधिकारी विचारतो, ‘10 च का? 5 का नाही?’ उत्तर कुठल्याही जाळ्यात सापडत नाही. किती धोका पत्करायचा हा समाजाचा निर्णय आहे आणि तो विज्ञानाच्या कागदात घडी घालून ठेवलेला आहे. आयोगाच्या 1980 च्या करारात ‘दोन-तीन दशकांत भरून न येणारे बदल’ टाळा असं म्हटलं आहे. त्यातली ‘दोन-तीन दशकं’ कुठल्या रंगाची, यावर अर्धा तास सहज जातो. जाऊ द्या. प्रशिक्षकाने इथे उत्तर सांगण्याची घाई केली तर दिवस फुकट गेला असं समजा.

समितीची बैठक दुपारी. पहिल्या फेरीत शास्त्रज्ञ टेबलाशी, अधिकारी त्यांच्या मागच्या खुर्चीत. मागच्याने बोलायचं नाही. फेरीभरात तीन चिठ्ठ्या पुढे सरकवता येतील. 75 मिनिटांनी खुर्च्या बदला आणि सल्ल्याचा मसुदा अधिकाऱ्यांना लिहू द्या, शास्त्रज्ञ चिठ्ठ्या देतील. ही अदलाबदल एकदाच करा. पूर्ण शिबिरभर भूमिका उलटवून ठेवल्या तर त्याचं नाटक होतं आणि माणसं स्वतःचं काम शिकायचं सोडून दुसऱ्याची नक्कल शिकतात.

पीपीटीवर बंदी. शास्त्रज्ञाच्या हातात रिमोट आला की वाटाघाटीचं व्याख्यान होतं. दाखवायचं ते ए-3 आकाराच्या एका कागदावर.

तिसरा दिवस: आयोग

टेबलं चौकोनात लावा, मध्ये मोकळी जागा. प्रत्येक शिष्टमंडळाला पाटी. बोलायचं असेल तर पाटी उभी करायची. एकमेकांना नावाने किंवा ‘सर’ म्हणून हाक मारायची नाही, ‘अमुक देशाचे प्रतिनिधी’ म्हणायचं. हे पोशाखी वाटतं, पण हुद्द्याची भीती यानेच मोडते: तरुण शास्त्रज्ञ ‘सरांचं म्हणणं चूक आहे’ असं बोलू शकत नाही, ‘माझ्या देशाला हे मान्य नाही’ असं बोलू शकतो.

मसुद्याचा पहिला कागद अध्यक्षांनी द्यायचा. ज्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात. सरावासाठी असा कागद पुरतो:

‘आयोग [ठरवतो] [शिफारस करतो] की उपक्षेत्र 48.1 मध्ये एका हंगामात [1,55,000] [2,50,000] टनांहून अधिक क्रिल पकडलं [जाणार नाही] [जाऊ नये], [आणि पिल्लांच्या काळात किनाऱ्यापासून [30] [40] किलोमीटरच्या आत मासेमारी बंद राहील] [विज्ञान समितीचा पुढील सल्ला मिळेपर्यंत].’

संध्याकाळी साडेपाचपर्यंत सगळे कंस सुटले पाहिजेत. शेवटचा कंस वरवर निरुपद्रवी दिसतो, आणि मेख तिथेच आहे. ‘पुढील सल्ला मिळेपर्यंत’ हे सल्ला कधीच मिळू न देण्याचं आमंत्रण असू शकतं. तारीख घालायला कोण सुचवतं ते पाहा, बहुधा अधिकारी.

शास्त्रज्ञांना इथे एक गोष्ट बजावून सांगावी लागते. एक जण 100 म्हणतो, दुसरा 0, म्हणून 50, हा व्यवहार मोजलेल्या आकड्यांचा करायचा नाही. साठ्याचा अंदाज सौद्यात उतरत नाही. सौदा होतो तो लाल खुणांचा: किती धोका, किती वर्षं, कुठलं क्षेत्र, निरीक्षक किती जहाजांवर, पाहणीचा खर्च कुणाचा. जोडीने बैठकीआधी निळ्या आणि लाल अशा दोन याद्या समोर ठेवल्या तर अधिकारी चुकून निळा आकडा विकत नाही आणि शास्त्रज्ञ प्रत्येक तडजोडीला विज्ञानाचा अपमान समजत नाही.

एकमत म्हणजे सगळ्यांना पटलं असं नव्हे. कुणी उघड हरकत घेतली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अध्यक्षाला हे वाक्य पाठ करायला लावा: ‘हरकत दिसत नाही, मंजूर.’ आणि हातोडा आपटायला शिकवा, रेंगाळायला नको.

मधली कॉफीची सुट्टी 25 मिनिटांची ठेवा आणि ती कमी करू नका. कंस सुटतात ते तिथेच, खिडकीपाशी उभ्या असलेल्या दोन-तीन जणांत. एक प्रशिक्षक फक्त सुट्टीत कोण कुणाशी बोललं एवढं टिपायला ठेवा. सुट्टीत शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांकडे आणि अधिकारी अधिकाऱ्यांकडे जात असतील तर जेवणाच्या वेळी तेवढं सांगा. दुपारी चित्र बदलतं.

तीन पाकिटं तयार ठेवा. 11 वाजता एका मासेमार देशाला राजधानीतून सूचना: निवडणूक जाहीर झाली, माघार नको. 2 वाजता सर्वांना नवा आकडा: एका उपसागरातल्या पाहणीत क्रिल अपेक्षेपेक्षा निम्मं आढळलं, पण पाहणी एकाच जहाजाची, एकाच हंगामातली. (हा आकडा सरावापुरता बनवलेला आहे हे कागदावर ठळक लिहा, नाहीतर तो पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी भाषणात खरा होऊन येतो.) 4 वाजता अध्यक्षांना निरोप: दुभाषे साडेपाचला निघणार. आयोगाच्या अधिकृत भाषा चार आहेत, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश, आणि दुभाषी उठले की बैठक उठते.

भाषेचं असं करा. शिष्टमंडळाच्या आतली चर्चा मराठीत, मसुदा इंग्रजीत. खऱ्या टेबलावर मसुदा इंग्रजीतच येतो, आणि राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांना नेमका त्याचाच सराव कमी असतो. मराठीत विचार पक्का झाला की इंग्रजी वाक्य आखूड येतं.

आपल्याकडच्या शिबिरांत एक दोष हटकून दिसतो: सगळे सज्जन असतात आणि पाचच्या ठोक्याला करार होतो. म्हणून पाचव्या शिष्टमंडळाला सूचनेत स्पष्ट लिहा की दुपारी 3 पर्यंत नकारच द्यायचा आणि त्यानंतरही बदल्यात काही मिळाल्याशिवाय हलायचं नाही. करार फिसकटला तर फिसकटू द्या. रॉस समुद्रातलं 15 लाख 50 हजार चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र ऑक्टोबर 2016 मध्ये मंजूर झालं. त्याआधी वर्षानुवर्षं बैठका फुकट गेल्या, त्यात 2013 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला खास बोलावलेलीही होती. शेवटी झालं तेही 35 वर्षांच्या मुदतीने. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव त्याच सुमारास टेबलावर आला, तो एकमताअभावी तसाच राहिला.

शेवटचा अर्धा दिवस

सकाळी आधी भूमिका उतरवा. प्रत्येक जण पाटी उलटी ठेवतो आणि स्वतःच्या नावाने एक वाक्य बोलतो. हे टाळलंत तर आदल्या दिवशीचा राग जेवणापर्यंत टिकतो. अडवणूक करणाऱ्या पाचव्या देशाच्या माणसांना विशेषतः.

मग गुप्त सूचना जाहीर वाचा. कुणाकडे द्यायला काय होतं आणि ते कुणी मागितलंच नाही, हे इथे उघड होतं. शास्त्रज्ञ ‘तुमची अडचण काय आहे?’ हा प्रश्न विचारायला लाजतात, असं पुष्कळदा दिसतं; त्यांना तो अशास्त्रीय वाटतो. बोलणं खोलीबाहेर नेताना चॅटहॅम हाउसचा नियम: काय बोललं गेलं ते सांगता येईल, कोण बोललं ते नाही. भ्रमणध्वनी टोपलीत, फोटो फक्त समारोपाचा.

शेवटी पहिल्या दिवशीचं 300 शब्दांचं टिपण त्याच विषयावर, तेवढ्याच वेळात पुन्हा लिहून घ्या. दोन्ही टिपणं नाव आणि तारीख काढून शिबिराबाहेरच्या दोन वाचकांकडे पाठवा, एक निवृत्त सचिव आणि एक शास्त्रज्ञ असे. त्यांनी इतकंच सांगायचं: कोणत्या टिपणावर निर्णय घेता येईल, आणि कोणत्या टिपणात विज्ञान वाकवलं आहे. दोन्ही वाचक एकाच टिपणाकडे बोट दाखवत असतील तर ती जोडी तयार झाली. ‘शिबिर कसं वाटलं’ याचे फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही, पण त्यात जेवणाचे गुण सर्वांत जास्त येतात.

सहा महिन्यांनी प्रत्येक जोडीला एकत्र फोन लावा. कौतुक ऐकू नका. एकच विचारा: शिबिरानंतर तुम्ही दोघांनी एकमेकांना कामासाठी किती वेळा फोन केलात, आणि शेवटचा कशासाठी? उत्तर शून्य येणाऱ्या जोड्या बहुतेक वेळा बदलीमुळे मोडलेल्या असतात. अधिकाऱ्याच्या जागी आलेल्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या वर्षीचं निमंत्रण त्याला त्याच शास्त्रज्ञाबरोबर पाठवा.